ब्रह्मपुरीहून कुटुमसरची गुहा: रस्ता, महिना आणि सासूबाईंचे गुडघे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुट्टीत ब्रह्मपुरीहून स्वतःच्या स्विफ्टनं छत्तीसगडच्या बस्तरमधली कुटुमसरची चुनखडीची गुहा बघायला जायचं. गाडीत तुम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. रस्ता जंगलातला, बघण्यासारखा हवा, पण भीतीचा नको. धानोऱ्यावरून जावं, सिरोंच्यावरून की रायपूरचा मोठा हायवे धरावा? आणि पहाटे निघून रात्रीपर्यंत जगदलपूर, म्हणजे गुहेजवळचं शहर, होईल का?

मी गडचिरोलीत टुरिस्टची गाडी चालवतो. लग्नसराई नसली की बस्तरचं भाडं हेच आमचं मुख्य काम. त्यामुळं रस्त्याबद्दल तर सांगतोच, पण खरं सांगायचं तर तुमची अडचण रस्त्याची नाहीच. तिन्ही रस्त्यांनी माणूस जगदलपूरला पोहोचतो. अडतं ते पुढं, गुहेच्या तोंडाशी. गुहा वर्षातले काही महिनेच उघडी असते, आत स्वतःची गाडी जात नाही, आणि खाली उतरायची वाट सगळ्यांना झेपेल अशी नाही. म्हणून आमच्याकडं कोणी विचारायला आलं की मी आधी रस्ता सांगतच नाही. आधी महिना ठरवा, मग आत कोण उतरणार ते, मग सकाळ कोणती, मग आदल्या रात्रीचा मुक्काम, आणि सगळ्यात शेवटी रस्ता. लोक उलटं करतात. हॉटेल बुक करतात, पोचतात, आणि गेटवर कळतं की गुहेत अजून पाणी आहे.

तर आधी महिना. कुटुमसर गुहा कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात येते. हे उद्यान १९८२ सालचं, क्षेत्र २०० चौरस किलोमीटरच्या आसपास, जगदलपूरहून सुकम्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी गुहेत उतरतं आणि खालचा भाग भरतो, म्हणून जूनच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत गुहा साधारण बंदच. पाऊस लांबला की उघडणंही लांबतं. आता दिवाळीचं गणित बघा. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे ती सुट्टी गुहेसाठी वायाच. २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीज आटोपून निघालात तर गुहा उघडी मिळायची चांगली शक्यता आहे. तरी निघायच्या आठवड्यात जगदलपूरच्या हॉटेलवाल्याला फोन करून ‘गुहा सुरू झाली का’ एवढं विचाराच. ‘बस्तर सुरू आहे का’ असं मोघम विचारू नका, तो ‘हो या’च म्हणणार.

नोव्हेंबरचा फायदा असा की चित्रकोट आणि तीरथगड या दोन्ही धबधब्यांना तेव्हा भरपूर पाणी असतं. तोटा असा की गुहेतली जमीन ओली असते. पाणी नुकतंच उतरलेलं, दगडावर बारीक गाळ बसलेला, बूट सरकतो. जानेवारी-फेब्रुवारीत खाली बरंच सुकलेलं असतं, चालायला सोपं, पण तोवर धबधबे रोडावतात. दोन्ही एकाच वेळी उत्तम मिळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी जानेवारी सांगतो, संक्रांत आणि २६ जानेवारीच्या गर्दीच्या मधला आठवडा. नाताळ ते एक जानेवारी हा काळ टाळाच. तेव्हा जिप्सीसाठी, म्हणजे गेटपासून गुहेपर्यंत नेणाऱ्या जीपसाठी, रांग लागते आणि गुहेत माणसामागं माणूस. तुम्ही शिक्षिका आहात म्हणता, जानेवारीत सुट्टी मिळणं कठीण, ते कळतं. मग दिवाळीतच जायचं असेल तर बुटांकडं लक्ष द्या, त्याबद्दल पुढं लिहितो.

आता आत कोण उतरणार. गुहेचं तोंड म्हणजे डोंगराच्या अंगातली एक उभी फट. तिच्यातून अरुंद, वळणावळणाच्या पायऱ्या खाली जातात. काही ठिकाणी अंग चोरून, मान वाकवून जावं लागतं, आणि समोरून वर येणारा गट भेटला की एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. खाली उतरल्यावर दालनं मोठी आहेत, सुखानं उभं राहता येतं. पण उतरताना गुडघा पूर्ण वाकतो आणि परत येताना तेवढंच चढायचं असतं. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, दम लागतो, बीपी-हृदयाची गोळी चालू आहे किंवा बंद खोलीत जीव घाबरतो, त्यांना मी आत पाठवत नाही. सासूबाईंना ‘हळूहळू उतरू’ म्हणून भरीस घालू नका. उतरतील, पण वर येताना मधल्या पायरीवर बसायला जागा नाही आणि मागं लोक थांबलेले. त्यांनाच मग ओशाळल्यासारखं होतं.

सहा वर्षांची मुलगी उतरू शकते, अंधाराला घाबरत नसेल तर. मात्र ती स्वतःच्या पायांनी उतरली पाहिजे. कडेवर किंवा खांद्यावर घेऊन उतरायचा विचार करू नका, कारण उतरणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे लागतात. घरी रात्री दिवे बंद करून, एक टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं खेळ खेळून बघा. हसत खेळली तर न्या, रडली तर ती आजीबरोबर वर थांबेल. हे तिथं गेटवर नाही, घरीच ठरवा. गाईड गटाबरोबर आत जातो, अर्धे आत्ता अर्धे नंतर असं दर वेळी जमत नाही. बाहेर थांबणाऱ्यांबरोबर एक मोठं माणूस लागेल, म्हणजे तुम्हा दोघांपैकी एकालाच आत जाता येईल असंही होऊ शकतं. नवराबायकोनं हे आधी बोलून घेतलेलं बरं.

सासूबाईंचा दिवस तरी वाया जात नाही. जिप्सीतून गुहेपर्यंतचा रस्ताच साल, बांबू आणि सागाच्या दाट जंगलातला आहे, तेवढं त्यांना बसल्या जागी बघायला मिळतं. तोंडाशी सावली असते. आणि त्यांच्यासाठी खरा दिवस चित्रकोटचा ठेवा. इंद्रावती नदी तिथं सुमारे ९५ फुटांवरून घोड्याच्या नालेसारखी कोसळते, आणि गाडी लावल्यावर फार चालावं लागत नाही. तीरथगडला मात्र खाली जायला पुष्कळ पायऱ्या आहेत, त्यांनी वरूनच बघावं. जगदलपूरला राजवाड्यालगत दंतेश्वरीचं मंदिर आहे, तिथं तर त्या रमतातच. बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो, तो याच देवीचा. दसऱ्याच्या आसपास जाणार असाल तर खोली मिळणं कठीण. पण तेव्हा गुहाही बंदच, म्हणून तो विषय सोडू.

रस्त्यांकडं येतो.

सिरोंच्याचा रस्ता म्हणजे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा, मग पातागुडमजवळ इंद्रावतीचा पूल ओलांडून भोपालपटनम, बिजापूर, गीदम आणि जगदलपूर. आलापल्लीच्या पुढचं जंगल बघाल तर डोळ्याचं पारणं फिटेल, त्यात वाद नाही. पण आष्टी ते आलापल्ली या भागात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सतत चालतात, रस्त्याची पार दैना होते, आणि ट्रकच्या मागं लागलात की काचेवर लाल धूळ. आलापल्ली ते सिरोंचा शंभरेक किलोमीटर, मध्ये गाडी बिघडली तर मेकॅनिक लांब. एकूण अंतरही धानोऱ्याच्या रस्त्यापेक्षा सव्वाशे-दीडशे किलोमीटरनं जास्त पडतं. तरणीताठी मंडळी असली, मध्ये सिरोंच्याला मुक्काम करून सोमनूरचा संगम बघायचा असला तर हा रस्ता जरूर घ्या. आजी आणि लेकरं घेऊन नको.

रायपूरकडचा हायवे म्हणजे वडसा, अर्जुनी-मोरगाव, नवेगावबांधवरून कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागायचं, मग देवरी, राजनांदगाव, दुर्ग, तिथून बालोद आणि पुरूरवरून कांकेर. चौपदरी रस्ता, जेवणाची हॉटेलं, पेट्रोल पंप, सगळं आहे. लांब पडतो, पण कंटाळा सोडला तर त्रास नाही. गाडी नवीन शिकलेल्यानं किंवा रात्री निघणं भागच असलेल्यानं हाच घ्यावा. तुम्हाला मात्र बघण्यासारखा रस्ता हवा आहे.

म्हणून तुमच्यासाठी धानोऱ्याचा. ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी, मग गडचिरोली, धानोरा, मुरूमगाव आणि पलीकडं छत्तीसगडातलं मानपूर. तिथून भानुप्रतापपूर, कांकेर, केशकालचा घाट, कोंडागाव, जगदलपूर. गडचिरोलीहून जगदलपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धरा, ब्रह्मपुरीहून त्यात साठ-सत्तर मिळवा. आकडा ऐकून ‘एका दिवसात होते की’ असं वाटतं, आणि मी एकटा असलो तर होतेही. पण लेकरांना दर दोन तासांनी उतरायचं असतं, सासूबाईंना एका जागी बसून गुडघा आखडतो, आणि मुरूमगावच्या पुढं रस्ता जागोजागी असा आहे की ताशी चाळीसच्या वर सरासरी पडत नाही. अंधारात केशकालचा घाट चढायची वेळ येते, तीच टाळायची आहे. पहिल्या दिवशी कांकेरला थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी घाट चढा.

दिवाळीनंतर या रस्त्यावर काय दिसतं ते सांगतो, कारण तुम्ही ‘बघण्यासारखा’ म्हणालात. हलक्या धानाची कापणी झालेली असते, भारी धान अजून उभं असतं. एका बांधीत पिवळं पीक वाऱ्यानं डुलत असतं, शेजारच्या बांधीत कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या मुठी, पसरलेल्या, धुऱ्यापलीकडं धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं रचलेलं. गडचिरोली सोडली की सागाचं जंगल जवळ येतं, मधूनच मोहाची मोठी झाडं, प्रत्येक झाडाखालची जमीन वेगवेगळ्या घराची वाटून घेतलेली. धानोऱ्याच्या पुढं गावं लहान होत जातात, अंगणं शेणानं सारवलेली, कुडाच्या भिंती. छत्तीसगडात शिरल्यावर घरांचे रंग बदलतात आणि चहाच्या टपरीवरची भाषाही, पण गोंडी दोन्हीकडं एकच ऐकू येते. पुढं बस्तरात रस्त्याकडेला रंगवलेले दगडी-सिमेंटचे खांब दिसतील, त्यांच्यावर हत्ती, घोडे, माणसं काढलेली. ती गेलेल्या माणसांची स्मारकं आहेत. बघा, पण त्यांना टेकून फोटो काढू नका.

याच रस्त्याच्या काही खबरदाऱ्या. एक तर धान. मळणीच्या दिवसांत लोक डांबरी रस्त्याच्या कडेला धान वाळवतात आणि संध्याकाळी त्याच्याभोवती दगड ठेवतात. अंधारात तो दगड दिसत नाही. दुसरं जनावरं. छत्तीसगडात गाई संध्याकाळ झाली की रस्त्याच्या मधोमध बसतात, हॉर्न दिला तरी उठत नाहीत, शेवटी उतरून हाकलावी लागतात. तिसरं आपल्याकडचं. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर माणसं गाड्यांवर येऊन-जाऊन राहतात, पहाटे झोपेत चालवणारेही भेटतात. पहाटे तीनला निघण्यापेक्षा सहाला निघा.

आणि हत्ती. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप मुरूमगावच्या बाजूनं आपल्या जिल्ह्यात आला आणि तेव्हापासून धानोरा, कुरखेडा, आरमोरी, देसाईगंज या भागात फिरून राहिला. धान तयार झालं की ते बांधीत उतरतात. रस्त्यावर लोक गोळा झालेले दिसले, ‘हत्ती, हत्ती’ ऐकू आलं तर उतरू नका, काच चढवून मागं व्हा आणि वनखात्याची माणसं सांगतील तसं करा. मोबाईल घेऊन जवळ जाणाऱ्यांचंच पुढं बातमीत नाव येतं.

आता भीतीचा प्रश्न, जो तुम्ही आडवळणानं विचारला आहे. माओवाद्यांचा. गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ निवळली आहे, आणि आम्ही दिवसाउजेडी हा रस्ता कुटुंबं घेऊन करतो. पण इतिहास डोळ्याआड करायचा नाही. २५ मे २०१३ ला ज्या झीरम घाटीत काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला झाला, ती याच जगदलपूर-सुकमा रस्त्यावर, गुहेच्या फाट्यापासून पुढं दरभ्याच्या बाजूला आहे. आमचा नियम साधा आहे: सूर्य मावळायच्या आत मुक्कामी. मुख्य रस्ता सोडून ‘शॉर्टकट’ घ्यायचा नाही, फोनमधला नकाशा कितीही सांगो. नाक्यावर थांबवलं तर काच खाली, आतला दिवा चालू, आरसी आणि लायसन्स हाताशी, कुठून कुठं ते सरळ सांगायचं. कॅम्पचे, जवानांचे फोटो काढायचे नाहीत. मध्ये मध्ये नेटवर्क जातं, म्हणून मुरूमगाव यायच्या आधीच घरी फोन करून ठेवा आणि नकाशा आधीच डाऊनलोड करा. जाताना धानोऱ्याच्या कोणत्याही टपरीवर ‘मानपूर रस्ता कसा आहे’ विचारलं तर गुगलपेक्षा ताजी बातमी मिळते.

कांकेरहून निघालात की केशकाल. बारा वळणांचा घाट, वरच्या बाजूला तेलीन सती मातेचं ठाणं, ट्रकवाले तिथं थांबून नारळ फोडतात. वळणावर लांब ट्रेलर अडकला की तास-दोन तास गाड्या उभ्या. म्हणून कांकेरहून लवकर निघा, पाणी आणि खाऊ गाडीत ठेवा. पुढं कोंडागावला ढोकरा म्हणजे बेलमेटलचं काम करणारे कारागीर आहेत. मेणाच्या बारीक दोऱ्यांनी आकृती बनवायची, वर मातीचं आवरण द्यायचं, भाजलं की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. प्रत्येक मूर्तीला साचा फोडावाच लागतो, म्हणून दोन मूर्ती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. तुमच्या मुलाला हे प्रत्यक्ष दाखवा, दुकानात नाही, कारागिराच्या अंगणात. दुपारी जगदलपूर, संध्याकाळी चित्रकोट. ते शहरापासून चाळीसएक किलोमीटर आहे, उजेडात परत फिरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुहा. पहिल्या फेरीत जायचं, याचं कारण गर्दीशिवाय आणखी एक आहे: आत माणसं वाढली की हवा जड होते. जगदलपूरहून पाऊण-एक तासात गेटवर पोहोचता. तिथं आपली गाडी लावायची, तिकीट काढायचं, जिप्सी आणि गाईड घ्यायचा. दर आणि नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही, रोख पैसे मात्र ठेवा. गाईड बहुतेक तिथल्याच गावांतली पोरं. त्यांच्याशी घासाघीस करू नका, आत तुमच्या पायाखालचा प्रकाश त्यांच्या हातात असतो.

कपड्यांबद्दल लोक हमखास फसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाहेर कडाक्याची थंडी, सगळे स्वेटर-मफलर घालून येतात. गुहेत वर्षभर तापमान २८ अंशांच्या आसपास असतं आणि हवा दमट. पायऱ्या संपेपर्यंत घाम फुटतो, चष्मा असला तर त्याच्यावर वाफ धरते आणि नेमक्या निसरड्या जागी काही दिसत नाही. स्वेटर जिप्सीतच ठेवा, सुती कपडे घाला, चष्मा पुसायला रुमाल वरच्या खिशात. बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. चप्पल, सँडल, नवे गुळगुळीत स्पोर्ट शूज, तिन्ही नकोत. खांद्यावर लोंबणारी पर्स नको. आत जायच्या आधी लघवीला जाऊन या, मुलांना तर नक्कीच.

आत काय बघायचं, हे माहीत असलं तर अर्ध्या तासाचं सोनं होतं, नाहीतर ‘अंधार होता, घाम आला’ एवढंच लक्षात राहतं. मी मूळचा कोरपना तालुक्यातला. आमच्याकडं चुनखडक म्हणजे सुरुंगाचा आवाज आणि सिमेंट कारखान्याचे डंपर. तोच दगड इथं गुहा होऊन बसला आहे. दोन्हीकडचे चुनखडक डायनासोरच्याही कितीतरी आधीचे, तेव्हाच्या समुद्रात थरावर थर बसून झालेले. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून येताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते फटींत शिरलं की चुना विरघळवत नेतं, फट रुंदावत जाते. मुलाला आधी घरी दाखवा: चुनखडीचा खडा मिळवा, खिळ्यानं खरवडून पूड काढा आणि तिच्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतात. गुहेत याच्या उलट घडतं. थेंब छताला लोंबकळतो, त्यातला वायू हवेत निघून जातो आणि विरघळलेल्या चुन्याचा कण मागं उरतो. कणावर कण बसून छतातून खाली खांब वाढतो, जिथं थेंब पडतो तिथं जमिनीवरून वर दुसरा, आणि कधी दोन्ही एकमेकांना भेटतात. छताच्या टोकाशी गाईडला दिवा धरायला सांगा. पडायच्या बेतात असलेला थेंब आणि त्याच्याभोवतीची ओली पांढरी कड दिसते. तो खांब अजून वाढतो आहे. कोरडे, मळकट दिसतात ते थांबलेले.

म्हणून हात लावायचा नाही. बोटांचं तेल दगडाला लागलं की त्यावर चुना नीट धरत नाही, आणि जागा काळवंडते. पायऱ्यांच्या आसपासचे दगड बघा, हजारो हातांनी तुकतुकीत काळे झालेले आहेत. मुलांना ते दाखवलं की वेगळं दटावावं लागत नाही.

डबक्यांमध्ये मासे बघा. बोटभरही लांब नाहीत, रंग फिका, डोळे अगदी बारीक, जवळपास नसल्यासारखे. हीच जात बाहेरच्या ओढ्यांत सापडते, तिथं तिचे डोळे आणि रंग नेहमीसारखे असतात. पिढ्यानपिढ्या अंधारात राहून आतल्यांचं असं झालं. प्रकाशझोत त्यांच्यावर धरून ठेवू नका, एक नजर टाका आणि दिवा बाजूला करा. वटवाघळांवर फ्लॅश मारू नका. भिंतीवर लांब मिशांचा किडा दिसला तर तो गुहेतला रातकिडा. त्याच्या शास्त्रीय नावात ‘शंकरी’ आहे, ते डॉ. शंकर तिवारी यांच्यावरून. भूगोलाच्या या प्राध्यापकांनी १९५०च्या दशकात गुहेचा पहिला पद्धतशीर शोध घेतला. गावकऱ्यांना गुहा आधीपासून ठाऊक होतीच. शेवटी शिवलिंगासारखा एक उंचवटा आहे, लोक नमस्कार करतात. तिथपर्यंत पोचायचंच असा हट्ट नको. मुलगी मध्येच दमली तर तिथूनच फिरा.

दोन दालनांनंतर गाईडला एक विनंती करा: सगळे दिवे मिनिटभर बंद. फोनचे स्क्रीनसुद्धा. डोळ्यासमोर स्वतःचा हात धरून बघा, दिसत नाही. मुलाला घ्या या प्रयोगात, मुलीला तिच्या तयारीप्रमाणे.

कोणीतरी तुम्हाला सुचवलं आहे की एवढं लांब कशाला, सालेकसा तालुक्यातलं कचारगड बघा. कचारगड जवळ आहे, गुहा प्रचंड आहे, आणि माघ पौर्णिमेला गोंड समाजाची देशभरातून यात्रा भरते. जायलाच हवं अशी जागा. पण ते श्रद्धास्थान म्हणून बघायचं. चुन्याचे खांब बघायचे असतील तर तिथं जाऊन ‘फसलो’ म्हणू नका. शिवाय तिथंही चढ आहे, सासूबाईंचा प्रश्न तोच राहतो.

गाडीबद्दल. स्विफ्ट चालते. अडचण एवढीच की पाच जण आणि पाच दिवसांचं सामान भरलं की मागून बसते आणि खड्ड्यात खाली घासते. कॅरिअर लावून वर बॅगा ठेवू नका, घाटात गाडी डुलते. त्यापेक्षा सामानच कमी करा. मागच्या चाकांची हवा कंपनीनं पूर्ण लोडसाठी दिलेल्या आकड्याएवढी भरा, तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. स्टेपनीत हवा आहे का ते बघायचं सगळ्यांच्या डोक्यातून जातं. टाकी गडचिरोलीत फुल करा, पुढं भानुप्रतापपूरला परत. जेवणाचा पहिला डबा घरूनच न्या, दशम्या, सांबारवडी (कोथिंबिरीची), चटणी काय ते. मानपूर ते भानुप्रतापपूर या टप्प्यात कुटुंबानं बसून जेवावं असं हॉटेल शोधत बसू नका.

परतीला चौथ्या दिवशी पुन्हा कांकेर किंवा भानुप्रतापपूरपर्यंत या आणि पाचव्या दिवशी दुपारी ब्रह्मपुरी. पावसामुळं गुहा उघडलीच नसेल तर तिसरा दिवस मोकळा सुटतो. तेव्हा जगदलपूरहून बारसूरची जुनी मंदिरं करा, सपाट जागा आहे, सासूबाईंना चालता येईल. तुमची तारीख ठरली आणि आत कोण उतरणार हे घरात पक्कं झालं की इथंच लिहा, त्या आठवड्यातली मुरूमगाव-मानपूर रस्त्याची स्थिती सांगतो.